रेशनच्या यादीतलं आपलं नाव कोण वाचणार?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला वाटेतच थांबवलं. हातात मोबाईल, त्यात पंचायतीच्या भिंतीवर लागलेल्या यादीचा फोटो. "तू कॉलेजला जातोस न्हवं, वाच बघू ह्यात माझं नाव कशाला आलंय." यादी कन्नडमध्ये होती. काकू मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. आपलं नाव त्यांनी शेजारच्या पोराकडून ओळखून घेतलं होतं, आणि नाव आलंय म्हणजे काहीतरी नवीन मिळणार, असं समजून दोन दिवस खूश होत्या. मी वरची ओळ वाचली. तिथं 'अनर्ह' असं लिहिलेलं. अनर्ह म्हणजे अपात्र. त्यांचं बीपीएल कार्ड काढून घ्यायच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि हरकत घ्यायला चार दिवस उरले होते.

मी राज्यशास्त्र शिकतो. कल्याणकारी राज्य, लाभार्थ्यांची निवड, गळती यावर परीक्षेत दहा मार्कांची उत्तरं लिहून झालीत. पण रस्त्यावर उभं राहून एका बाईला "काकू, ही मिळणाऱ्यांची यादी नाही" असं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली.

हे एकट्या काकूंचं नाही, म्हणून लिहितोय. गेल्या दोन-तीन वर्षांत गरीब घरांना मिळणाऱ्या मदतीचे नियम सारखे बदलतायत. अन्नभाग्यचंच बघा. जुलै २०२३ पासून माणशी जादा ५ किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे १७० रुपये खात्यावर यायला लागले. २०२५ च्या सुरुवातीला पैसे बंद होऊन पुन्हा तांदूळ आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की जादा तांदळाच्या जागी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असं किट द्यायचं. किट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, नुसत्या भातावर कोण जगतं? पण प्रत्येक बदलाबरोबर नवी जोडणी येते, नवा अंगठा येतो, आणि प्रत्येक वेळी काही घरं गाळणीतून खाली पडतात.

बीपीएलची छाननी ही त्यातली सगळ्यात मोठी गाळणी. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर कार्डं रद्द व्हायला लागली, काहींची एपीएल झाली, आणि एवढी ओरड झाली की मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना सांगावं लागलं की सरकारी नोकर आणि आयकर भरणारे सोडून बाकीच्यांची कार्डं परत द्या. त्यानंतरही छाननी थांबलेली नाही. खोटी कार्डं आहेत, हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही. दारात चारचाकी आणि खिशात बीपीएल असे लोक आपल्या गावातही आहेत आणि त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. प्रश्न असा की गाळणी त्यांना पकडते का.

उत्पन्नाची अट घ्या. वर्षाला १ लाख २० हजार, तेही सगळ्या कुटुंबाचं मिळून. दिवसाला भागून बघा, ३२९ रुपये येतात. केंद्र सरकारनं कर्नाटकासाठी रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ठरवली ३७० रुपये. म्हणजे सरकार ज्या मजुरीला किमान समजतं, त्या मजुरीवर नवरा-बायको दोघं वर्षात १६५-१६५ दिवस कामाला गेले की ते घर कागदावर श्रीमंत झालं. उरलेले दोनशे दिवस रिकामे बसले तरी! एवढ्या कमी मर्यादेत खरं उत्पन्न लिहिलं तर निम्मं गाव बाहेर पडेल, म्हणून सगळेच कमी लिहितात. आणि सगळेच कमी लिहितात म्हटल्यावर कुणाला पकडायचं हे अधिकाऱ्याच्या किंवा कॉम्प्युटरच्या मर्जीवर राहतं.

काकूंच्या नावापुढं कारण होतं 'आयकर'. मुलगा उद्यमबागेत कारखान्यात हेल्पर. गाडीच्या कर्जासाठी एजंटानं त्याचं रिटर्न भरून दिलं होतं. रिटर्न भरणं वेगळं आणि टॅक्स भरणं वेगळं. त्यानं एक रुपयाही टॅक्स दिलेला नाही. पण यादी करणाऱ्या मशीनला पॅन नंबर दिसला आणि काम संपलं. गृहलक्ष्मीच्या वेळीही हाच घोळ झाला होता. नवरा किंवा बायको आयकर, जीएसटी भरणारे असतील तर २००० रुपये नाहीत, हा नियम. आणि ज्यांनी जीएसटी हा शब्द फक्त किराणा दुकानाच्या पावतीवर बघितलाय अशा बायकांनाही 'तुम्ही जीएसटीवाल्या' असं उत्तर मिळालं.

बीपीएल गेलं तर काय जातं, हे नीट समजून घ्या. तांदूळ तर जातोच. पण मोठा फटका दवाखान्याचा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. एपीएल झालात की सरकार ठरलेल्या दराच्या फक्त ३० टक्के देणार, बाकीचे ७० टक्के तुम्ही. काकूंच्या घरात काकांचं डायलिसिस चालू आहे. आता हिशेब करा.

इथपर्यंतचा त्रास बेळगावच्या मराठी माणसाला आहे तसाच बागलकोटच्या कन्नड माणसालाही आहे. आपला जादाचा त्रास पुढं सुरू होतो. पहिला त्रास नावाचा. आपल्या बायकांचं नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, वडिलांच्या नावासकट. लग्नानंतर नाव बदललं, आडनाव बदललं. आधारवर तेच नाव इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, लिहिणाऱ्याला ऐकू आलं तसं. रेशन कार्डावर आडनाव गायब, बँकेत आडनाव पहिलं. यल्लूबाईची एका ठिकाणी येल्लुबाई आणि दुसरीकडं यल्लव्वा. ई-केवायसीच्या मशीनला ही तीन वेगळी माणसं वाटतात. कुठल्याच अधिकाऱ्यानं मुद्दाम केलेलं नसतं, तरी भोगायला आपणच.

दुसरा त्रास नोटिशीचा. हक्क काढून घेणारा कागद ज्याला वाचता येत नाही, त्याला हरकत घ्यायची मुदत दिली काय नि न दिली काय, सारखंच. मराठी परिपत्रकाची मागणी आपली संघटना कैक वर्षं करते, पण ती बऱ्याचदा अस्मितेच्या भाषेत होते. फलक, पाट्या, घोषणा. मला वाटतं ती मागणी आपण रेशनच्या रांगेतून करायला पाहिजे होती. तिला आधारही तिथंच पक्का आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीची संरक्षणं १९५६ मध्ये केंद्रानं ठरवली, १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ती पक्की झाली. ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ टक्के किंवा त्याहून जास्त, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असं त्यात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत आपण १५ टक्क्यांच्या किती वर आहोत हे सांगायला नको. अपात्रांची यादी ही महत्त्वाची सूचना नसेल तर मग कुठली?

आता जरा टोचणारं. महाराष्ट्राकडं बघून आपण मोठे झालो. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, ८६५ गावांवर हक्क सांगितलाय. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या ८६५ गावांना लागू केली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्याला कडाडून विरोध केला. गरीब माणसाच्या ऑपरेशनवरून दोन सरकारं भांडतात, याहून वाईट काय असेल ते मला माहीत नाही. पण लाडकी बहीण आली २०२४ मध्ये, आणि तिची अट महाराष्ट्रातल्या रहिवासाची. आपला रोटी-बेटी व्यवहार चंदगड, गडहिंग्लजशी. दोन सख्ख्या बहिणी घ्या. बेळगाव तालुक्यातली एक चंदगडला दिली, नवऱ्याच्या कागदांवर तिला १५०० मिळाले. दुसरी इथंच दिली, ती लाडकी नाही. तिला कर्नाटकाचे २००० मिळतात, आले तर. चंदगडच्या बहिणीलाही आता घोर आहेच: २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही मागितलं, आणि सुमारे २६ लाख महिलांचे पैसे छाननीसाठी थांबले. फरक एवढाच की तिची नोटीस तिला वाचता येते.

सीमेच्या दोन्ही बाजूंना पद्धत एकच झालीय. निवडणुकीच्या आधी सरसकट द्यायचं, नंतर चाळणी लावायची. चाळणीत अडकलेल्यानं आपलं गरीबपण परत सिद्ध करायचं, दिवसाची मजुरी बुडवून.

आणि आपण पोरं काय करतोय? १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, स्टेटस ठेवतो, ते ठेवूच. पण आपल्यातल्या बहुतेकांना कन्नड वाचता येतं. शाळेत सक्तीनं शिकलो, शिव्या देत शिकलो, पण येतं. आपल्या आयांना येत नाही. मला हे लिहिताना दोनदा विचार करावा लागला, कारण 'कन्नड वाचा' म्हटलं की कोणीतरी फितूर म्हणणार. म्हणू दे. पंचायतीच्या भिंतीवरची यादी वाचून ज्याच्या घरावर टांगती तलवार आहे त्याला मराठीत सांगणं, यात भाषेचा कसला अपमान? तेवढी अक्षरं आपल्याकडं आहेत, ती वापरू.

काकूंचं आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मुलाच्या रिटर्नची प्रत ऑनलाईन काढली, त्यात टॅक्स शून्य दिसतो. अर्ज मराठीत लिहिला. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार मांडता येते, ते कलम अर्जात वरच घातलं. सोबत कन्नड प्रत जोडली, म्हणजे 'समजत नाही' हे कारण उरत नाही. खिडकीवरच्या माणसानं आधी मराठी अर्ज परत सरकवला. मग कन्नड प्रत बघितली, कलम वाचलं, आत जाऊन आला आणि दोन्ही घेतले. पोच मागून घेतली, शिक्का आणि तारखेसकट. पोच न घेता परत येऊ नका, नंतर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं होतं. तिथं दाद लागली नाही तर अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्या वर राज्य अन्न आयोग आहे.

घरी गेल्यावर आपल्याही कार्डाकडं एकदा बघा. प्रमुख म्हणून कोणाचं नाव आहे? आजी वारल्यानंतर ते बदललं का? गृहलक्ष्मीचे पैसे त्याच नावावर येतात. प्रत्येक माणसाची ई-केवायसी झालीय का? आधारशी कुठलं खातं जोडलंय? पुण्याला कामाला गेलेल्या भावाचा अंगठा राहिलेला असतो, हे हमखास.

काकूंच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. या महिन्याचे तांदूळ मिळाले, पुढच्या महिन्याचं दुकानदाराला विचारलं तर तो वर बोट दाखवतो. काल संध्याकाळी त्या परत आल्या होत्या, ह्या वेळी सोबत गल्लीतल्या आणखी तिघी होत्या आणि तिघींच्या मोबाईलमध्ये त्याच यादीचे फोटो. एकीनं झूम करून विचारलं, "माझं कारण काय लिवलंय रे?" उद्या शनिवार आहे, कॉलेज अर्धं. दुपारनंतर बसतोय आम्ही.