लेकीची बॅट आणि आईची जीभ



आमची धाकटी यंदा सातवीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघात आहे. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली ती बॅट कोपऱ्यात टाकून, न जेवता झोपली. सरावात एकही चेंडू बॅटला लागला नव्हता. संघ निवडायला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभी राहिले आणि तिथूनच सुरू झाले. "कोपर वर घे! चेंडूकडे बघ! पाय हलवू नकोस! जोरात मार!" मला खेळातलं काय कळतं म्हणा! पण आई झालो की सगळंच कळतं, असं आपल्याला वाटतं. पोरगी आणखी चुकली. घरी येताना म्हणाली, "आई, तू येऊ नकोस उद्या." ते शब्द फार लागले, बाई.

शेवटी शाळेतल्या खेळाच्या बाईंना गाठलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बॅट कुणाची आहे?" बॅट होती माझ्या पुतण्याची, कॉलेजात जाणाऱ्या मुलाची. आयती मिळाली म्हणून आम्ही खूश होतो. बाईंनी लेकीला ती एका हातात, बाजूला सरळ धरायला सांगितली. मी मनात वीस मोजायचे होते. दहालाच हात खाली आला. म्हणजे पोरीचा दोष नव्हताच, बॅटच जड होती! जड बॅट पेलत नाही म्हणून मूल हात लांब फेकतं, मागचा खांदा खाली पाडतं आणि बॅट खालून वर आणतं. आपण मात्र "कोपर वर" म्हणून ओरडत बसतो.

दुसरं कारण गल्लीतलं क्रिकेट. तिथे चेंडू टप्पा पडून येतो आणि बॅट खालून सरळ आणायची सवय लागते. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते, पण तो टप्पा न पडता गुडघा आणि छाती यांच्या मधून येतो. बायकांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवर असते. चेंडू पोचायला अर्धा सेकंदही धड लागत नाही. एवढ्या वेळात लांबचा वळसा घेणारी बॅट पोचणार कशी?

मग हलकी बॅट आणली आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे गच्चीवर सराव सुरू केला. तुमच्याही घरी कुणी खेळत असेल तर लिहून ठेवा.

पहिला आठवडा फक्त पकड. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचा डावा हात खाली, उजवा त्याला लागून वर. बॅट तळव्यात रुतवायची नाही, बोटांत धरायची. दार ठोठावतो ती पेरं दोन्ही हातांची साधारण एका रेषेत यावीत. मूठ आवळली की मनगट अडकतं.

दुसरा आठवडा कंबर. धुणं आपटताना आपला जोर नुसत्या हातातून येत नाही, कमरेतून येतो, तसंच हे. भार आधी मागच्या पायावर, पुढचं पाऊल लहानसं, मग कंबर वळायची आणि तिच्या मागोमाग हात. हात आधी गेले की फटक्यात जीव राहत नाही.

तिसरा आठवडा भिंत. बॅटची मूठ बेंबीला आणि टोक भिंतीला टेकेल एवढ्या अंतरावर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग भिंतीला न लागता बॅट हळू फिरवायची. हात लांब फेकले तर बॅट लगेच भिंतीवर आपटते. आईने बोलायची गरजच नाही, भिंतच सांगते!

शेवटी चेंडू. जुने मोजे गुंडाळून चेंडू केला आणि धुण्याच्या दोरीला कमरेच्या उंचीवर टांगला. पुढच्या पावलाच्या जरा पुढे तो बॅटला लागला पाहिजे, आणि लागेपर्यंत डोळे त्याच्यावरच. मान वर करून चेंडू कुठे गेला हे बघायची घाई करायची नाही. मोज्याचा चेंडू म्हणून हसू नका हं. १८८७ साली शिकागोत हा खेळ जन्मला तो बॉक्सिंगचा हातमोजा बांधून केलेल्या चेंडूने आणि झाडूच्या दांड्याने! मात्र बॅट फिरत असताना लहान भावंडांना गच्चीवर येऊ देऊ नका. रोज पंचवीस-तीस फटके पुरेत. दमलेल्या हाताला चुकीचीच सवय लागते.

बाईंनी मला वेगळी ताकीद दिली होती, "एका दिवशी एकच गोष्ट सांगायची." वर्गात मी हेच करते की! शुद्धलेखनाच्या वहीत एकदम वीस लाल खुणा केल्या तर मूल वही मिटून ठेवतं. मग आज फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, उद्या बाकीचं. शाळेत कळणारं घरी का कळू नये?

निवड झाली. आमचीचं नाव राखीव खेळाडूंत लागलं. पहिल्या सामन्यात शेवटी पाच मिनिटं ती उतरली. चेंडू लागला, जमिनीलगत गेला, पण पहिल्या बेसवर ती बाद झाली. तरी धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, लागला! आवाज ऐकलास?"

ऐकला ना. पाय उशिरा निघाला होता, तेही दिसलं होतं. पण ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. आधी पोटभर जेवू घातलं.