उकळू नका!

मुलांनो, पावसाळा आला की मी फळ्यावर एक वाक्य लिहिते : 'पाणी गाळून, उकळून प्या.' पण २ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या टोलेडो शहराला सकाळी सकाळी भलतीच सूचना मिळाली. नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका! चार लाखांहून जास्त माणसं, शेजारी भलंमोठं इरी सरोवर, आणि दुकानांत बाटलीच्या पाण्यासाठी झुंबड.

उकळायचं का नाही बरं? उकळल्याने जंतू मरतात. इथे पाण्यात होतं विष, मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची ही गोल माळ. उकळत्या पाण्यातही ती तुटत नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि विष मागे उरतं. आमटी आटली की खारट होते ना, तसंच! हे विष यकृताच्या पेशी बिघडवतं.

ही माळ ओवतो मायक्रोसिस्टिस नावाचा सूक्ष्म जीव. त्याला नील-हरित शैवाल म्हणतात खरं, पण आहे तो जीवाणू. त्याच्या पेशीत हवेच्या इवल्या पिशव्या असतात. त्यामुळे तो वर तरंगतो, ऊन खातो आणि पाण्यावर हिरवी साय धरते. अशी साय आपल्या तळ्यावर दिसली तर पोहायला उतरू नका, गुरांनाही ते पाणी पाजू नका, बरं का!

पण एवढी वाढ होते कशावर? शेतकऱ्यांच्या मुलांना नत्र, स्फुरद, पालाश ठाऊक असेलच. डीएनए बनवायला स्फुरद लागतंच. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर डीएनएही दुप्पट हवा. तळ्यात बहुधा स्फुरदाचीच टंचाई असते, म्हणून वाढ आवरलेली राहते. १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तळ्याच्या मधोमध चक्क पडदा लावला. कर्ब आणि नत्र दोन्हीकडे टाकलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली! मला तर हा प्रयोग फार आवडतो. शेंबडं पोरही निकाल सांगेल.

इरी सरोवरात स्फुरद आणते मॉमी नदी. तिच्या खोऱ्यात मका-सोयाबीनची शेतं आहेत. पिकाला घातलेलं खत पावसात वाहून जातं आणि सरोवरातल्या जीवाणूंना मेजवानी!

४ ऑगस्टला टोलेडोची बंदी उठली. सरोवरावरची हिरवी साय मात्र त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही येतच राहिली.