कोनशिलेवर उरलेली जागा

पराक्रम रणांगणावरचा आणि गौरव क्रीडांगणावरचा, अशी एक रीत छत्तीसगडात रुळली आहे. नवा रायपूरचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचे. सोनाखानच्या या जमीनदाराने १८५६च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून उपाशी रयतेला वाटले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात मृत्युदंड दिला. त्या मैदानावर जानेवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत गारद झाला, हे देशभरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोठाराची गोष्ट मात्र कुणाला विचारू नये.

राज्याचे क्रीडा पुरस्कारही त्याच वाटेचे. वरिष्ठ खेळाडूंना शहीद राजीव पांडे पुरस्कार, कनिष्ठांना शहीद कौशल यादव पुरस्कार. प्रशिक्षक आणि पंचांसाठी वीर हनुमान सिंह पुरस्कार. हे हनुमान सिंह रायपूरच्या पलटणीतले. १८ जानेवारी १८५८ रोजी त्यांनी आपल्याच सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. त्यांच्या सतरा साथीदारांना चार दिवसांत फाशी झाली, ते स्वतः इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ज्याने वरिष्ठाचाच निकाल लावला त्याच्या नावाने प्रशिक्षकांना गौरवायचे, ही कल्पना ज्या कारकुनाला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की त्याने इतिहास वाचलाच नव्हता असे समजावे?

राजीव पांडे यांच्याबाबत लष्कर अधिक नेमके वागले. ८ जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीचे हे तरुण सेकंड लेफ्टनंट. सियाचिनमध्ये सुमारे २१ हजार फुटांवर पाकिस्तानची ‘कायद’ चौकी होती. मे १९८७ अखेर तिच्याकडे गेलेल्या गस्ती पथकाचे नेतृत्व करताना ते कामी आले. बर्फाच्या उभ्या भिंतीवर त्यांच्या पथकाने दोर बांधून ठेवले होते. पुढची तुकडी निघाली ती हेच दोर शोधत. मोहिमेला नाव दिले गेले ‘ऑपरेशन राजीव’. २६ जून रोजी या मोहिमेतल्या बाना सिंह यांनी चौकी जिंकली. पांडे यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. त्यांचे काम जिथे थांबले तिथूनच पुढची मोहीम सुरू झाली, म्हणून तिला त्यांचे नाव. नाव देण्याला कारण असावे ते असे.

पुतळ्यांच्या बाबतीत हे कारणच सर्वात आधी हरवते. कोणत्याही शहरात चौकाचे सुशोभीकरण निघाले की ठराव होतो, निविदा निघते, चौथरा उभा राहतो. मग मूर्ती येते. गणवेश कडक इस्त्रीचा, छाती पुढे, नजर दूरवर. खाली कोनशिला. तिच्यावर ‘यांच्या शुभहस्ते’, मग ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, मग ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, मग महापौर, आयुक्त आणि प्रभागाचे नगरसेवक. एवढ्यांना बसवून झाल्यावर दगडावर जी जागा उरते तीत वीराच्या पराक्रमासाठी चार शब्द मावतात: ‘देशासाठी प्राणांची आहुती’. आणि आहुती न देता जो जिवंत परत आला, त्याचे काय लिहायचे, हा प्रश्न तर समितीपुढे येतच नाही.

रामा राघोबा राणे असे परत आले होते. कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचे चिरंजीव, बॉम्बे सॅपर्समधले. १९४७-४८च्या युद्धासाठी पाच परमवीरचक्रे दिली गेली. त्यांतले दोघेच हयात होते, करम सिंह आणि राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट शत्रूने पाइनची झाडे आडवी टाकून आणि सुरुंग पेरून अडवली होती. ८ तारखेला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन सहकारी ठार झाले, राणेंसह पाच जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत राणे वाट मोकळी करत राहिले. वरून गोळ्या येत होत्या, म्हणून ते रणगाड्याच्या खाली शिरले. पोटावर सरपटत पुढचे सुरुंग काढायचे आणि हातातल्या दोरीने चालकाला थांब-चालचा इशारा द्यायचा. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली.

आता याचा पुतळा कसा करायचा? छाती पुढे काढून उभे राहण्याची सवडच या माणसाला मिळाली नव्हती. चिखलात पालथा पडलेला, हातात दोरी धरलेला सेकंड लेफ्टनंट कोणत्या पुतळा समितीला पसंत पडेल?

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. १९८४ मध्ये, त्यांच्या हयातीतच, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले गेले. ते जहाज पंचविसेक वर्षांनी सेवेतून गेले. कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी त्यांचा पुतळा उभा राहिला तो नोव्हेंबर २००६ मध्ये, पराक्रमानंतर अठ्ठावन्न वर्षांनी. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचे नाव मिळाले. जमीन, पाणी, बेट, सगळीकडे राणे आहेत. पर्यटक पुतळ्याशेजारी फोटो काढतो आणि युद्धनौका बघायला जातो.

याउलट इटलीतले मोन्तोने हे छोटे गाव बघा. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिकडे वरच्या टायबर खोऱ्यात लढले. जवळचे सगळे साथीदार पडल्यावर ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने झुंजले, वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे, आपल्या पद्धतीचा. मोन्तोनेकरांनी २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ बसवले, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाच्या लॅटिन वचनासह. परदेशी शिपायासाठी एवढा विचार झाला. त्याला बहुधा हेही कारण असेल की तिथल्या कुणाला घाडग्यांच्या जातीची मते नको होती.

पुन्हा छत्तीसगडकडे येऊ. तिथे पुतळे उभारू नयेत असे कुणी म्हणणार नाही. म्हटले तरी ऐकणार कोण? पण २९ ऑगस्टला क्रीडा दिनाच्या समारंभात जेव्हा ‘शहीद राजीव पांडे पुरस्कार’ पुकारला जातो, तेव्हा पांडे यांच्या वीरचक्राचे मानपत्र आधी वाचून दाखवायला काय हरकत आहे? पाहुण्यांच्या हारतुऱ्यांना त्याहून अधिक वेळ लागतो. पुरस्कार घ्यायला आलेल्या मुलामुलींना निदान ‘कायद’ चौकी म्हणजे काय ते कळेल. कौशल यादव भिलाईचे, ९ पॅरामधले आणि जुलै १९९९ मध्ये कारगिलच्या झुलू टॉपवर पडले, हेही कानावर जाईल. प्रशिक्षकांच्या पुरस्काराआधी हनुमान सिंहांची हकिगत वाचायची की नाही, हे मात्र क्रीडा खात्याने प्रशिक्षकांना विचारून ठरवावे.