पहाट झाली, हे सांगणारं कुणीतरी

सहेरीची वेळ कधी संपते, हे आज मोबाइलवर मिनिटासह कळतं. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मदिनेत त्यासाठी दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल (रजि.) यांची. ती रात्र असतानाच होई, म्हणून ती ऐकून खाणं-पिणं थांबवू नका, इब्ने उम्मे मकतूम अजान देतील तोवर चालू ठेवा, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची सूचना होती. हदीसच्या ग्रंथांत ती नोंदलेली आहे आणि सोबत एक तपशीलही. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. लोक त्यांना ‘पहाट झाली, पहाट झाली’ असं सांगत, मग ते अजान देत.

साऱ्या शहराचा रोजा ज्याच्या आवाजावर सुरू होई, त्याला पहाट दिसत नव्हती. कुणी म्हणेल, डोळस माणूस नेमला असता तर काम सोपं झालं असतं. पण तिथे काम त्यांच्याकडेच ठेवलं गेलं आणि उणीव भरून काढण्याची जबाबदारी आजूबाजूच्यांनी उचलली. याच सहाबींकडे, ते बोलायला आले असताना, कुरैशांच्या बड्या सरदारांशी चाललेल्या चर्चेमुळे दुर्लक्ष झालं, तेव्हा कुरआनात त्याबद्दल नापसंती उतरली. 80 वी सूरह ‘अबस’ तिथूनच सुरू होते. पुढे पैगंबर (स.) मदिनेबाहेर जात, तेव्हा शहराची जबाबदारी त्यांच्यावर सोपवल्याचेही उल्लेख सीरतच्या ग्रंथांत आहेत.

आता मुंबईच्या उपनगरांत या. घाटकोपरच्या असल्फा मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे, अंध प्रवाशांसाठी जमिनीवर खुणेच्या लाद्या आहेत. स्थानकाबाहेर डोंगरावर वस्ती चढत जाते आणि घरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा आहे, पण त्या डब्यापर्यंत पोहोचायला पूल ओलांडावा लागतो. 2015 च्या अखेरीस सरकारने ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे आणला. 2016 च्या कायद्याने मान्य प्रकार सातवरून 21 वर नेले. शब्द बदलला, कायदा बदलला. पायऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. ती 21 प्रकारांच्या आधीची मोजणी, म्हणजे खरा आकडा त्याहून मोठाच असणार.

रमजानमध्ये जोगेश्वरी, कुर्ला, मालवणी, गोवंडीत तरुणांच्या टोळ्या दारोदार फिरतात. रेशनचे किट वाटतात, जकात आणि फितऱ्यासाठी गरजूंच्या याद्या करतात. कुठल्या खोलीत विधवा आहे, कुणाची नोकरी गेली, हे त्यांना सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा नेमकं माहीत असतं. त्या यादीत दिव्यांगही असतो, पण फक्त घेणारा म्हणून. किट दारात ठेवलं जातं, आतल्या माणसाला सलाम होतो, टोळी पुढच्या गल्लीत. पुढचा रमजान येईपर्यंत तो माणूस त्याच खोलीत. व्हीलचेअर वाटपाचे फोटो छापून येतात; ती व्हीलचेअर गल्लीतून बाहेर पडते का, हे पाहायला कुणी परत जात नाही.

याच यादीत दोन प्रश्न वाढवायला काय हरकत आहे? घरातल्या या माणसाला काय येतं, आणि त्याला कुठे जावंसं वाटतं. सोबत दुसरी यादी करायची, मोहल्ल्याकडे काय आहे याची. साकीनाक्यातले शिलाईचे कारखाने, मालाडमधलं इमिटेशन दागिन्यांचं काम, मोबाइल दुरुस्तीची दुकानं, बेकऱ्या, संध्याकाळचे क्लास, मकतब, वाचनालय. कुठे बसून करायचं काम आहे, कुठल्या दुकानाला एकच पायरी आहे, कुठला उस्ताद कर्णबधिर मुलाला शिकवायला तयार आहे. दोन्ही याद्या एका कागदावर आल्या की मोहल्ल्याचा नकाशा तयार होतो. खर्च पेन आणि वहीचा. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाचा आणि श्रवणदोषावर काम करणारी, महाराष्ट्राच्या एका राज्यपालांचं नाव लावणारी. ती लोकलच्या अंतरावर असून कित्येक घरांना ठाऊक नसते. नकाशावर तीही हवी, आणि दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून देणारा शेजारचा शिकलेला मुलगाही.

नकाशात पहिली खूण मशिदीवर पडली पाहिजे. उपनगरांतल्या मशिदी चिंचोळ्या जागेत, मजल्यावर मजला अशा उभ्या आहेत. सगळीकडे रॅम्प होणार नाही, हे खरंच आहे. पण तळमजल्यावरची एक सफ राखता येते. बसून वुजू करता येईल असा एक नळ बसवता येतो. चाकांना रस्त्याची घाण असते, हा आक्षेप नेहमी निघतो. त्यावर आत वापरायची एक स्वच्छ व्हीलचेअर दारातच ठेवणं हा साधा उपाय आहे. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या पुलिक्कल येथे दिव्यांगांच्या सोयीने बांधलेल्या मशिदीत खुतबा सांकेतिक भाषेतही समजावला जातो. मुंबईत सांकेतिक भाषा जाणणाऱ्यांची वानवा नाही, त्यांना बोलावणारे हवेत.

सगळ्यात कमी दिसतात त्या दिव्यांग मुली, आणि त्यांच्या आया. मुलगा निदान कुणाच्या खांद्यावर बसून ईदगाहला जातो. मुलगी घरातच. तिला सोडून आई तासभर बाहेर पडू शकत नाही, शेजारच्या घरी इफ्तारला जाऊ शकत नाही. सूरह नूरच्या 61 व्या आयतीत अंध, लंगडे आणि आजारी यांच्यासह एकमेकांच्या घरी जेवण्यात दोष नसल्याचं सांगितलं आहे. पण आमंत्रण देताना ‘तिलाही घेऊन या’ म्हणणारी घरं किती? तिच्याजवळ तासभर बसेल अशी शेजारीण कोण, हेही नकाशात लिहायचं असतं. जकातीच्या हिशोबात ही शेजारीण येत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही.

फितरा ईदच्या नमाजाआधी पोहोचवायचा असतो, त्यामुळे याद्या शेवटच्या दहा दिवसांत नव्याने तपासल्या जातातच. या वेळी तपासणाऱ्यांनी दारातून किट आत देताना आतल्या माणसाला विचारावं, ईदच्या नमाजाला यायचं आहे का, आणि यायचं असेल तर पायऱ्यांवरून उचलायला किती जण लागतील.