आधी पत्रा दाबून पाहा

घरात संगणक घ्यायचे ठरले की महिनाभर चर्चा चालते ती प्रोसेसरची, रॅमची, फार तर मॉनिटर किती इंची घ्यावा ह्याची. हे सगळे ज्यात बसायचे त्या खोक्याकडे, म्हणजे बाजारातल्या भाषेत कॅबिनेटकडे, वळेपर्यंत पैसे संपत आलेले असतात. मग ‘उरलेल्यात बसेल ते द्या’ असे आपण म्हणतो. दुकानदार एका बाजूला काच आणि आत रंगीत दिवे असलेले खोके पुढे करतो. दिवे लागतात, मंडळी खूश होतात आणि पावती फाडली जाते. माझे म्हणणे असे की नेमके ह्याच वेळी डोळे मिटावेत आणि हात पुढे करावा. दोन-तीन हजारांच्या कॅबिनेटची पारख हाताने होते, डोळ्यांनी नाही.

खोक्याने संगणक वेगाने चालत नाही, असे जाणकार मित्र सांगतात. ते खरे आहे. म्हणून जास्त पैसे घाला असे मीही सांगत नाही. तेवढ्याच पैशांत काय घ्यावे एवढाच माझा वाद आहे. ठरलेल्या किमतीत काच आणि दिवे बसवायचे तर तो खर्च कशातून तरी कापावा लागतो. माझ्या मते तो पत्र्यातून आणि एसएमपीएसमधून कापला जातो, कारण गिऱ्हाईक ह्या दोन गोष्टी पाहत नाही.

पत्र्यापासून सुरुवात करू. उद्यमबागेतल्या कुणा पत्रेकाम करणाऱ्याला विचारा, तो आधी ‘गेज किती?’ म्हणेल. (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ. हे उलटे गणित आम्हा वाणिज्यवाल्यांना पचायला वेळ लागतो.) स्वस्त कॅबिनेटचा पत्रा साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, बऱ्यापैकी कॅबिनेटचा ०.७ ते ०.८. फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.५ ऐवजी ०.७ मिलिमीटर घेतला तर पोलाद ४० टक्के जास्त लागते आणि ताठपणा जवळजवळ पावणेतीनपट होतो. एवढा चांगला परतावा आमच्या क्रमिक पुस्तकातल्या एकाही उदाहरणात मला अजून भेटलेला नाही.

अर्थात पातळ पत्राही कडा दुमडून किंवा मध्ये पन्हळ उठवून ताठ करता येतो. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. झाकण काढून हाती घ्यावे, मध्यभागी अंगठ्याने दाबावे. डब्याच्या झाकणासारखे ‘टक्‌’ करून आत गेले तर समजावे. मग आतल्या कडेवरून बोट हळूच फिरवावे. कड आत वळवलेली असेल तर ठीक. नाही तर जोडणी करताना रक्त निघणार. आमच्याकडे दुकानात अर्धी मराठी अर्धी कानडी चालते. ‘‘गट्टी ऐतेन्‌री?’’ असे विचारले की ‘‘भाळ गट्टी ऐत्‌री!’’ हे उत्तर ठरलेले. कानडीत गट्टी म्हणजे भक्कम, मराठीत गट्टी म्हणजे मैत्री. दुकानदाराच्या उत्तरात पुष्कळदा मराठी अर्थच जास्त असतो.

दुसरी परीक्षा गवंड्याची आणि सुताराची. चौकट गुण्यात आहे का? झाकणे काढून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी धरावी, मग दुसरा कर्ण मोजावा. दोन्ही सारखे भरले पाहिजेत. नंतर खोके सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे. हा शिष्टपणा नव्हे. सुट्टीत मावसभावाचा संगणक जोडताना त्याच्या ग्राफिक कार्डाची पट्टी मागच्या खाचेत बसेना. चौकट दोनेक मिलिमीटर तिरकी होती. पेच आवळला की कार्ड पलीकडच्या टोकाला खाचेतून वर उचलले जाई. शेवटी पक्कडीने पत्रा वाकवून काम भागवले, पण हजारोंचे कार्ड असे पिळून बसवताना भाऊ माझ्याकडे बघतही नव्हता.

पेचांची गोष्ट तर सर्वांत मजेची. कॅबिनेटला जे मोठे पेच लागतात त्यांना एका इंचात ३२ आटे असतात, म्हणजे एका आट्याला सुमारे ०.८ मिलिमीटर जागा लागते. ०.५ मिलिमीटरच्या पत्र्यात एक पुरा आटादेखील मावत नाही! म्हणून चांगला कारखानदार भोकाची कड आत ओढून तिला गळपट्टीसारखी जाडी देतो. ही गळपट्टी आहे का ते पाहावे आणि एक पेच दोन-तीनदा लावून काढावा. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर टेकतो त्याही सरळ बसतात का ते बघावे. मागच्या खाचांवरच्या पट्ट्या काही कॅबिनेटांत तोडूनच काढाव्या लागतात. एकदा तोडली की भोक कायमचे आणि धूळ आत. पेचाच्या पट्ट्या केव्हाही बऱ्या. पुढची बाजू काचेने बंद असेल तर वारा येणार कुठून, एवढा प्रश्न पुरे.

सोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसबद्दल मात्र मी जरा कडक आहे. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते. ते सोडून बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. समजा त्या रकान्यात १६ अँपिअर असेल, तर बारा सोळे एकशे ब्याण्णव. खरी ताकद १९२ वॅट, बाकी शोभा. २००४ साली सुरू झालेले ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र असेल तर निदान ८० टक्के कार्यक्षमतेची चाचणी झाली आहे असे धरता येते. नसेल तर कॅबिनेट एसएमपीएसशिवाय मागावे आणि ती वस्तू वेगळी घ्यावी.

जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. माल कसा आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, असे झाले की चांगला माल बाजारातून हटतो, हे त्याचे सार. मोटारीचे इंजिन आपल्याला कळत नाही, हे मान्य. पण पत्रा दाबायला कुठली पदवी लागते?

आणि ही वस्तू टिकणारी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे. सबंध संगणकावर एकच घसारा. परंतु एटीएक्स हे माप १९९५ साली ठरले आणि मदरबोर्डच्या भोकांच्या जागा आजही त्यातूनच येतात. प्रोसेसर, बोर्ड बदलत राहतील, नीट खोके तेच राहील. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक शिष्यवृत्तीच्या किंवा भिशीच्या पैशातून येतो आणि त्यावर धाकट्या भावंडांचाही नंबर लागायचा असतो. त्यांना हा घसाऱ्याचा हिशेब लागू पडत नाही.

कुणी म्हणेल, घरपोच मागवले तर दाबायचे कसे? तेव्हा पत्र्याची जाडी लिहिलेली आहे का ते पाहावे आणि वजनांची तुलना करावी. पण काचेचे आणि पत्र्याचे कॅबिनेट एकाच तराजूत घालू नये. ४ मिलिमीटरची काच ०.५ मिलिमीटरच्या पत्र्याच्या सुमारे अडीचपट जड भरते. काचेचे खोके हाताला भारी लागते ते त्यामुळे. चौकट पातळच असू शकते.