कायद्याचा कोट आणि संगणकाची किल्ली

मुलगा हुशार असला तर डॉक्टर, गणितात पक्का असला तर इंजिनीअर, आणि नुसताच भांडखोर असला तर वकील, अशी आपल्या घरांतली वाटणी वर्षानुवर्षे ठरलेली. आमची पुतणी हुशारही आहे आणि भांडखोरही. तिने बारावीनंतर कायदा आणि सायबर सुरक्षा असा पाच वर्षांचा जोड अभ्यासक्रम निवडला, तेव्हा वहिनींचा जीव टांगणीला लागला. "भावोजी, पोर धड ना वकील, धड ना इंजिनीअर अशी तर व्हायची नाही ना?"

शंका रास्त होती. पैसा आणि पाच वर्षे, दोन्ही परत मिळत नाहीत. म्हणून मी तिची पुस्तके चाळली. एकीकडे करार, राज्यघटना, गुन्ह्यांचे कायदे. दुसरीकडे संगणकांची जाळी, कूटलेखन, पुसलेली माहिती परत काढण्याची विद्या. या दोघांचे लग्न लावले कोणी, असेच प्रथम वाटते. पण आपल्या जालन्याचा खटला वाचला म्हणजे ते का लागले हे कळते.

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांची तक्रार अशी, की खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर दाखल झाले. निवडणूक कचेरीत चित्रण चालूच होते. म्हणजे पुरावा हाताशी! पण अशा चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे एक दाखला लागतो, आणि तो वारंवार मागूनही कचेरीने दिला नाही. उच्च न्यायालयाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निकाल कायम केला आणि सांगितले, की मूळ यंत्र कोर्टापुढे आणले नसेल तर दाखला हवाच. मात्र सारे प्रयत्न करूनही तो मिळाला नाही, तर कायदा अशक्य गोष्टीचा हट्ट धरत नाही. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती, ही गोष्ट वेगळी.

१८७२चा तो पुरावा कायदा १ जुलै २०२४ रोजी गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दाखला राहिला, उलट त्याचे दोन भाग झाले. एक पुरावा आणणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा. अख्खी कादंबरी घातली तरी ठराविक लांबीची अक्षरे-अंकांची ओळ निघते, आणि कादंबरीतला एक स्वल्पविराम हलवला तर सबंध ओळ बदलते. स्वल्पविरामाला इतका मान देणारे शास्त्र निघाल्याचे पाहून आम्हा मराठीच्या मास्तरांचा ऊर भरून आला. आमची मुले तर पूर्णविरामही देत नाहीत!

आता सांगा, वकिलाला हा ठसा कळत नाही आणि तंत्रज्ञाला दाखला ठाऊक नाही, तर पक्षकाराने कोणाच्या तोंडाकडे बघायचे? हे काही आमदारांपुरतेच नाही. फोनवर खोटा पोलीस दिसतो, 'डिजिटल अटक' झाल्याचे बजावतो (अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच) आणि पेन्शनीचे पैसे उकळतो. पुढे लाजेपोटी घरची माणसे सारे संदेश पुसून टाकतात. पुतणीने पहिल्याच सत्रात आम्हा सर्वांना ताकीद दिली: १९३०वर ताबडतोब फोन करा, आणि काही पुसू नका.

तथापि या नावाने जे विकले जाते ते सगळेच सोने नव्हे. मिठाईच्या दुकानावर 'शुद्ध तुपातली' अशी पाटी असते, तशी काही ठिकाणी 'सायबर' ही पाटी. कायद्याच्या पदवीला बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही हे आधी पाहावे. ती नसेल तर सनद मिळायची नाही. सनदेनंतरही वकिली चालू ठेवायला बार कौन्सिलची परीक्षा आहेच. संगणकाचे पहिल्या वर्षी शिकलेले पाचव्या वर्षी शिळे होते. कराराचा कायदा मात्र १८७२चाच अजून चालू आहे. म्हणून कायद्याची बाजू कच्ची ठेवणारे कॉलेज मी तरी घेणार नाही.

आणि कॉलेज पाहायला गेलात, तर प्राचार्यांच्या खोलीतला चहा घेण्याआधी प्रयोगशाळा दाखवा म्हणावे. किल्ली शोधायला शिपाई धावला, तर चहा न घेताच निघावे.