विश्लेषण : ‘एकच ओळ तर बदलायची आहे!’ सॉफ्टवेअरमधील चुका शेवटच्या तासात का शिरतात?

१४ ऑक्टोबर २०२४. राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर केली आणि अंमलबजावणी त्याच मध्यरात्रीपासून ठरली. दहिसर नाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या मोटारचालकासाठी हा एका वाक्याचा निर्णय होता : ४५ रुपये वाचले. फास्टॅगमधून आपोआप पैसे कापणाऱ्या कोणत्याही यंत्रणेसाठी मात्र असे एक वाक्य म्हणजे अनेक प्रश्न असतात. ‘हलके वाहन’ म्हणजे नोंदीतले नेमके कोणते वर्ग? ‘रात्रीचे १२’ कोणत्या तारखेत धरायचे? टॅग ११.५९ ला वाचला गेला आणि व्यवहार १२.०१ ला पुढे गेला, तर कोणती वेळ खरी? दिवसा निर्णय आणि रात्री अंमल, एवढ्या अवधीत ही उत्तरे शोधायची असतील तर चुकीला वाट मोकळीच असते.

घाईत नेमके काय चुकते?

बहुतेक वेळा अवघड गणित नव्हे, तर साध्या गोष्टी चुकतात. ‘पेक्षा मोठे’च्या जागी ‘पेक्षा मोठे किंवा समान’ लिहिले जाते. एका ठिकाणचा कोड उचलून दुसरीकडे चिकटवताना तीन नावे बदलली जातात, चौथे तसेच राहते. चाचणीपुरता लिहिलेला सर्व्हरचा पत्ता काढायचा राहून जातो. वृत्तपत्राच्या पानावरही हेच घडते. आतला मजकूर तीन जण वाचतात आणि पान सोडताना बदललेल्या मथळ्यातच वेलांटी चुकते, कारण तो मथळा नंतर कोणी वाचलेलाच नसतो.

ॲपलने फेब्रुवारी २०१४ मध्ये तातडीने दुरुस्त केलेली चूक याच जातीची होती. सुरक्षित जोडणीची पडताळणी करणाऱ्या कोडमध्ये एक ओळ दोनदा आली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती, दुसरी नव्हती. त्यामुळे पुढची महत्त्वाची तपासणी दर वेळी वगळली जात होती. दुसरी ओळही पहिलीइतकेच अंतर सोडून लिहिलेली असल्याने वाचणाऱ्याला ती त्याच अटीखालची वाटे.

१९ जुलै २०२४ ला काय झाले?

त्या शुक्रवारी मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर चेक-इन विस्कळीत झाले. काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला एक छोटी फाइल जगभर पाठवली होती. पाठवल्यापासून ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण तोपर्यंत विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती.

कंपनीच्याच अहवालातील कारण चकित करणारे आहे. नव्या नियमांच्या साच्यात २१ रकाने होते, पण त्यांना माहिती पुरवणारा कोड २०च मूल्ये देत होता. हा फरक फेब्रुवारीपासून तिथेच होता. आधीच्या चाचण्यांत आणि वापरात २१व्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो रकाना कधी वाचलाच गेला नाही. जुलैच्या फाइलने प्रथमच तिथले खरे मूल्य मागितले आणि प्रोग्राम हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येही दोष होता, म्हणून तिथेही ती अडली नाही. शिवाय हा ‘कोड’ नसून केवळ ‘माहिती’ आहे, असे मानून मूळ सॉफ्टवेअरप्रमाणे टप्प्याटप्प्याने न देता ती एकदम सगळीकडे गेली. सर्वात मोठी चूक ही शेवटची म्हणायला हवी.

दोष कोणाचा?

अशा घटनांनंतर बोट सहसा कनिष्ठ प्रोग्रामरकडे जाते, आणि ते सोयीचेही असते. पण मुदत त्याने ठरवलेली नसते. रात्री ११ वाजता बदल तपासणारा वरिष्ठ बदललेली ओळ पाहतो. ती ओळ आणखी कुठून वापरली जाते हे पाहण्याइतका वेळ त्यालाही नसतो. ‘फक्त एक ओळ’ म्हटले की पूर्ण चाचणीचा आग्रह धरणारा माणूस अडथळा ठरतो. शुक्रवारी बदल सोडू नये हा आयटीतला जुना संकेत चेष्टेचा विषय असला तरी अनुभवातून आलेला आहे.

उपाय कंटाळवाणे आहेत. बदल आधी थोड्या यंत्रांवर सोडायचा, काही तास थांबायचे, मागे घेण्याची वाट तयार ठेवायची. क्राउडस्ट्राइकनेही नंतर टप्प्याटप्प्याचाच मार्ग धरला. सरकार आणि बँकांनी घोषणा व अंमलबजावणी यांत चार दिवस ठेवले, तर अर्धे काम तिथेच होईल. टोलमाफीसारख्या लोकप्रिय निर्णयात तेवढा धीर धरणे राजकीयदृष्ट्या अवघड, हेही खरे. पण फास्टॅगमधून चुकून पैसे कापले गेले तर तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे करावी लागते, आणि ४५ रुपयांसाठी तेवढा खटाटोप फार थोडे जण करतात.